यजमान कोण आणि पाहुणा कोण?

‘संकर’ आणि ‘संगम’ हे दोन्ही शब्द संस्कृतांतून आपल्याकडे आले, आणि दोहोंच्याही पोटांत एकत्र येण्याचाच अर्थ आहे. परंतु पहिला उच्चारला कीं घरांतील वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते, आणि दुसरा उच्चारला कीं त्यांचेच हात आपोआप जोडले जातात. हल्लीं तरुण मंडळींच्या तोंडीं गाण्याच्या संदर्भांत ‘फ्यूजन’ हा शब्द फार ऐकूं येतो. त्याचें मराठी करतांना या दोहोंपैकीं कोणता शब्द घ्यावा, एवढ्यावरच आमच्या ओळखीच्या पुष्कळ घरांत वाद माजलेला आम्हीं पाहिला आहे. बाप संकर म्हणतो, मुलगा संगम म्हणतो, आणि आई दोघांनाही जेवायला उठा म्हणते.

हा विषय या महिन्यांत घेण्याचें कारण एक पत्र आहे. सांगलीकडील एका सद्गृहस्थांनीं तें आम्हांस लिहिलें आहे. त्यांची कन्या लहानपणापासून बारा वर्षें एका बुवांकडे ख्याल शिकली, विशारद झाली, आणि आतां पुण्यास नोकरी करीत असतां चार मुलांच्या एका वाद्यवृंदांत गाते. त्या वृंदांत एक गिटार, एक सॅक्सोफोन, एक पियानो आणि विलायती ड्रमांचा मोठा संच आहे. आणि ही मुलगी त्यांच्यामध्यें उभी राहून मालकंस गाते. “मालकंसाची अशी विटंबना पाहण्यासाठीं काय मीं बारा वर्षें फी भरली?” असा पत्रकर्त्यांचा सवाल आहे. गेले दोन महिने बापलेकींत बोलणें नाहीं. पत्राच्या तळाशीं, निराळ्या हस्ताक्षरांत, दोन ओळी आहेत: मुलीच्या खोलींतील मैत्रिणीकडून कळलें, ती अजूनही पहाटे तंबोरा लावून बसते. त्या दोन ओळी कोणीं लिहिल्या हें सांगावयास नको.

पत्रकर्त्यांचा राग आम्हांस समजतो. शब्दाच्या दोन्ही अर्थांनीं समजतो. फ्यूजन या नांवाखालीं जें कानांवर पडतें त्यांतील पुष्कळसें टाकाऊ आहे, हें आधींच सांगून टाकतों. एखाद्या मोठ्या हॉटेलांत लग्नाच्या जेवणास बसावें, तों छतांतून सतारीचे तेच ते चार तुकडे आणि त्यांच्याखालीं यंत्राचा एकसुरी ठोका झिरपत असतो. सतारीस ठोक्याशीं कर्तव्य नाहीं आणि ठोक्यास सतारीशीं नाहीं. श्रीखंडांत चकली बुडवून खाण्यापैकीं तो प्रकार आहे. दोन्ही पदार्थ चांगले, परंतु त्यांनीं एकत्र येण्याचें कांहीं कारण नव्हतें. मात्र वाईट मासल्यावरून साऱ्या जातीची परीक्षा करूं नये. वाईट ख्यालही आम्हीं पुष्कळ ऐकिले आहेत, आणि त्यावरून ख्याल बंद करा असें कोणी म्हटलेलें आमच्या ऐकिवांत नाहीं.

आणि मिश्रणाचाच विटाळ मानावयाचा तर आपल्या परंपरेंत फार मागें जावें लागेल. यादवांच्या देवगिरीस, म्हणजे आजच्या दौलताबादेस, सिंघण राजाच्या आश्रयानें शार्ङ्गदेवानें तेराव्या शतकांत ‘संगीतरत्नाकर’ रचिला. त्या ग्रंथांतील रागांमध्यें ‘तुरुष्क तोडी’ आणि ‘तुरुष्क गौड’ हीं नांवें आहेत. ग्रंथकाराच्या घराण्याचें मूळ काश्मीरांतलें, ग्रंथ महाराष्ट्रांत झाला, आणि रागांच्या नांवांत तुर्क येऊन बसला. तरी त्या ग्रंथास आपण शास्त्र म्हणतों. दक्षिणेंत मुत्तुस्वामी दीक्षित (१७७५–१८३५) यांच्यासारख्या उपासकानें इंग्रजी बँडाच्या चाली ऐकून त्यांवर सुमारें चाळीस संस्कृत रचना केल्या, आणि त्यांचे धाकटे बंधु बालुस्वामी यांनीं फिडल आत्मसात् करून तें कर्नाटक संगीतांत आणिलें. आज व्हायोलिनावांचून तिकडची मैफल सहसा उभी राहत नाहीं. आमच्या पेटीची गोष्ट तर वाचकांस ठाऊकच आहे. ही फ्रान्सांत जन्मलेली बाई. आकाशवाणीनें १९४० पासून १९७१ पर्यंत तिला आपल्या दारांत उभें केलें नाहीं, आणि त्याच काळांत आमचें नाट्यसंगीत तिच्यावांचून एक पाऊल टाकीत नव्हतें. असो. परकी वस्तु घरांत आली कीं नाहीं, याचा निकाल केव्हांच लागून गेला आहे. ती आल्यावर पाटावर कोण बसलें आणि वाढावयास कोण उभें राहिलें, एवढेंच पाहावयाचें उरतें.

जॅझ म्हणजे काय, याविषयीं आमच्या वयाच्या मंडळींची कल्पना बहुधा जुन्या हिंदी चित्रपटांतील क्लबाच्या देखाव्यावरून बनलेली असते: चकचकीत कोट, धूर, आणि मागें ओळीनें कर्णे. वस्तुस्थिति निराळी आहे. अमेरिकेंत गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी लोकांच्या वंशजांनीं, विसाव्या शतकाच्या तोंडाशीं, न्यू ऑर्लिन्स शहरीं हें संगीत घडविलें. त्यांत शेतांवरील श्रमाचीं गाणीं आहेत, चर्चमधलीं स्तोत्रें आहेत, कवायतीचे बँड आहेत. म्हणजे तें स्वतःच एक मिश्रण आहे. त्याचा प्राण उपज हा. लिहिलेले स्वर तेवढे वाजवून मोकळें होणें जॅझमध्यें कमीपणाचें मानितात. चीज ठराविक, पण प्रत्येक वेळीं ती नव्यानें मांडावयाची. येथपर्यंत आमच्या गवयांस त्यांच्याशीं हस्तांदोलन करावयास कांहींच हरकत नसावी.

हिशेबही जमतो. ब्ल्यूज नांवाचा जो त्यांचा जुना साचा आहे, त्यांत चार चार मात्रांचे बारा खंड असतात. म्हणजे एक फेरा अठ्ठेचाळीस मात्रांचा. आपल्या तीनतालाचीं तीन आवर्तनें बरोबर तेवढींच. फेरा संपला कीं सारे वादक आरंभाच्या जागीं पुन्हा भेटतात, जणूं समेवरच. फरक आहे तो वजनाचा. आपलें सारें लक्ष समेकडे. ते लोक चार मात्रांपैकीं दुसरीवर आणि चौथीवर टाळी देतात. आपल्या भजनी मंडळांतील एखादा टाळकरी तेथें नेऊन बसविला तर पहिल्या दहा मिनिटांत त्याचा हात दहा वेळां चुकेल. त्यांचा गंधारही मोठा चमत्कारिक आहे. ब्ल्यूज गाणारा तो कोमल आणि शुद्ध यांच्यामध्यें कोठेंतरी, ओढून लावितो. पियानोवर तो सांपडत नाहीं, म्हणून पियानोवाला दोन्ही पट्ट्या लगोलग दाबून वेळ मारून नेतो. ज्यांनीं श्रुति या विषयावर चार व्याख्यानें सोसलीं आहेत, त्यांस हें ऐकून आपल्याच आळींत आल्यासारखें वाटेल.

हें संगीत मुंबईस येऊन नव्वद वर्षें झालीं. १९३५ सालीं लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय वादकांचा ताफा ताजमहाल हॉटेलांत वाजवावयास आला. मागोमाग टेडी वेदरफोर्ड हे पियानोवादक आले. ते १९४५ मध्यें कलकत्त्यास पटकीनें वारले. या मंडळींपासून ती विद्या उचलली ती मुख्यतः गोवेकरांनीं. पोर्तुगीज अमलांत गोव्यांतील चर्चच्या शाळांतून मुलांस स्वरलिपि आणि व्हायोलिन शिकवीत असत, त्यामुळें हात तयार होता. हळदोण्याचे आंतोनियो शाव्हियेर वाझ हे ‘चिक चॉकलेट’ या नांवानें ट्रंपेट वाजवूं लागले, आणि लोक त्यांस हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्राँग म्हणूं लागले. दुसऱ्या बाजूनें आले पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, पुण्यास विनायकबुवा पटवर्धनांच्या हाताखालीं शिकलेले. चित्रपटसृष्टींत त्यांचें नांव सी. रामचंद्र झालें. १९५१ च्या ‘अलबेला’ चित्रपटांत चिक चॉकलेट यांचा ताफा पडद्यावरच दिसतो. त्या गाण्यांवर कोणीं कितीही नाकें मुरडलीं तरी तीं मरत नाहींत. पण तेथें यजमान कोण हें स्पष्ट आहे: चित्रपटाची चाल. जॅझ हा पाहुणा. तो नाचत आला, सभा हंसवून गेला, त्याचा आदरसत्कारही उत्तम झाला. मात्र तो ओसरीवरूनच परतला. रागाच्या माजघरांत त्यास कोणीं बोलाविलें नव्हतें, आणि बोलाविलें असतें तरी उंबरठ्याशींच त्याला ठेंच लागली असती.

ती ठेंच कोणती तें नीट समजून घेतलें पाहिजे, कारण पत्रकर्त्यांच्या तक्रारीचें मूळ तेथें आहे. आपल्या गाण्याखालीं एक न हलणारी भूमि असते. तंबोरा षड्ज धरून बसतो, आणि गवई कितीही दूर गेला तरी तो षड्ज घरच्या दिव्यासारखा त्याला दिसत असतो. पाश्चात्य संगीतांत, आणि म्हणून जुन्या जॅझमध्यें, ही भूमीच चालती असते. तेथें एकाच क्षणीं तीन-चार स्वरांची जुडी वाजवितात, तिला कॉर्ड म्हणतात. आणि दर कांहीं मात्रांनीं ती जुडी बदलते. जुडी बदलली कीं वरचा तोच स्वर निराळा भासूं लागतो. त्यांना मौज वाटते ती याच पालटाची.

ज्यांच्या घरीं पेटी आहे त्यांनीं हें वाचतां वाचतां करून पाहावें. पांढरी एक हा षड्ज धरा, आणि सा, शुद्ध गंधार व पंचम या तीन पट्ट्या एकदम दाबा. ही त्यांची अगदीं साधी, बाळबोध कॉर्ड. आतां तीच मालकंसाखालीं वाजवा. मालकंसांत पंचम वर्ज्य आणि गंधार कोमल. म्हणजे तीन पाहुण्यांपैकीं दोघे घरावर दगड मारणारे निघाले. बरें, तीं पट्ट्यांची जुडी सोडून सा, मध्यम आणि कोमल धैवत दाबा. तिन्ही स्वर रागांतले आहेत, वर्ज्य कांहीं नाहीं. तरीही कान काय म्हणतो तें ऐका: कान हळूहळू मध्यमालाच षड्ज समजूं लागतो. एकही परका स्वर न लागतां घराचा मालक बदलला! मालकंसांत तंबोऱ्याची पहिली तार मध्यमाला लावण्याचा आपला प्रघात आहे, म्हणून येथें हा धक्का कसाबसा निभावतो. मारव्यावर असा प्रयोग करून पाहा. दोन मिनिटांत त्याचा चेहरा ओळखूं येईनासा होईल.

१९६८ सालीं शंकर-जयकिशन यांनीं ‘राग जॅझ स्टाइल’ या नांवाची एक ध्वनिमुद्रिका काढली. तींत तोडी, भैरव, मालकंस, कलावती, जयजयवंती, भैरवी असे एकंदर अकरा राग आहेत. सतारीवर रईस खान, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, ड्रमांवर लेस्ली गोदिन्हो. ऐकावयास ती फार प्रसन्न आहे, आणि सतारीचा हात तर काय सांगावा. परंतु प्रत्येक राग कांहीं मिनिटें चेहरा दाखवितो आणि जिना उतरून जातो. बैठक मारून बसत नाहीं. कॉर्डांच्या हलत्या फळीवर बैठक मारणार कशी?

या अडचणीचा उलगडा आपल्या बाजूनें झाला नाहीं, त्यांच्याच बाजूनें झाला, आणि तोही आपला विचार मनांत आणून झाला असें नव्हे. १९५९ सालीं अमेरिकेंत माइल्स डेव्हिस या ट्रंपेटवादकानें ‘काइंड ऑफ ब्ल्यू’ ही तबकडी काढली. कॉर्डांच्या घाईगर्दीला तो विटला होता. त्या तबकडीवरील पहिल्याच चिजेंत बत्तीस खंडांचा फेरा आहे. त्यांत पहिले सोळा खंड एकच स्वरसप्तक, मधले आठ खंड तेंच सप्तक अर्ध्या स्वरानें वर, आणि शेवटचे आठ पुन्हा पूर्वींचें. बाकी चढउतार नाहीं. वाचकांनीं पुन्हा पेटी पुढें ओढावी. पांढरी दोन षड्ज धरून केवळ पांढऱ्या पट्ट्या वाजवीत वर जा: आपला काफी थाट झाला. डेव्हिसचें सप्तक तें हेंच. मधल्या आठ खंडांत तो काळी दोन षड्ज धरितो आणि परत येतो. म्हणजे भूमि पळावयाची थांबून, एकदां बसली, एकदां उठली आणि पुन्हा त्याच पाटावर येऊन बसली. बसलेल्या माणसाशींच बोलतां येतें.

त्या तबकडीवर जॉन कोल्ट्रेन नांवाचा सॅक्सोफोनवादक होता. त्यानें पुढचें पाऊल टाकलें. १९६१ च्या नोव्हेंबरांत न्यूयॉर्क येथें त्यानें ‘इंडिया’ या नांवाची चीज वाजविली. तींत दोन डबल बास आहेत, आणि ते मिळून जें धरून बसतात तें तंबोऱ्याचें काम होय. हें अनुकरण गमतीचें नव्हतें. तो रविशंकरांच्या ध्वनिमुद्रिका मन लावून ऐके, त्यांस भेटला, आणि १९६५ सालीं झालेल्या आपल्या मुलाचें नांव त्यानें ‘रवि’ ठेविलें. रविशंकरांस त्याची नम्रता भावली. त्याच्या वादनांतील तळमळ आणि आक्रोश मात्र त्यांस अस्वस्थ करी. त्यांच्याजवळ बसून अधिक शिकावें अशी कोल्ट्रेनची इच्छा होती, पण १९६७ च्या जुलैंत, चाळिशींतच, तो वारला. आम्हांस विचाराल तर त्या आक्रोशाविषयीं आमचें मत रविशंकरांहून थोडें निराळें आहे. ज्या समाजांत तो जन्मला त्याच्या वाट्यास जें आलें होतें, तें पाहतां त्यानें शांतरसच वाजवावा अशी अपेक्षा करणें हें यजमानास शोभणारें नाहीं. पाहुणा आपलें दुःख दारांत काढून ठेवून येत नाहीं.

याच सुमारास लंडनमध्यें एक निराळा प्रयोग चालला होता. जॉन मेयर हे कलकत्त्याचे अँग्लो-इंडियन गृहस्थ, व्हायोलिनवादक, १९५२ सालीं शिष्यवृत्ति मिळवून विलायतेस गेलेले. जो हॅरियट हा जमेकाचा सॅक्सोफोनवादक, लहानपणीं अनाथ मुलांच्या शाळेंत वाढलेला. या दोघांनीं मिळून दहा वादकांचा वृंद केला: पांच जॅझचे आणि पांच आपल्या बाजूचे. १९६६ त ‘इंडो-जॅझ सूट’ आणि १९६७ त ‘इंडो-जॅझ फ्यूजन्स’ अशा त्यांच्या तबकड्या निघाल्या. ज्या शब्दावरून आज घरोघर भांडणें होतात तो असा साठ वर्षांपूर्वींच तबकडीच्या वेष्टनावर छापलेला आहे. त्यांत सतारीवर दिवाण मोतीहार होते, आणि तबल्यावर होते मुंबईचे केशव साठे. आपल्या वाचकांपैकीं फारच थोड्यांनीं हें नांव ऐकिलें असेल. मोठ्या तबलजींच्या नामावळींत तें कोणी घेत नाहीं. पण त्या काळांत लंडन आणि युरोपांतील असल्या कितीतरी प्रयोगांच्या तळाशीं साठ्यांचा तबला आहे, आणि त्याचा गुण असा कीं तो पुढें पुढें करीत नाहीं. समोर कोण, किती गोंधळ करतो आहे याची पर्वा न करितां ठेका जागच्या जागीं असतो. असा एक मनुष्य पंक्तींत असला कीं बाकीच्यांस धीर येतो.

या दुहेरी पंचकाविषयीं आमचा अभिप्राय संमिश्र आहे. मेयर यांनीं रागांचे स्वर आणि रचना लिहून दिल्या, आणि हॅरियटनें त्या स्वरांच्या कुंपणांत राहून उपज केली. ती अनेक जागीं फार सुंदर आहे, मेघांत विशेष. तरी पुष्कळदां असें होतें कीं सतार बोलून थांबते, मग सॅक्सोफोन बोलतो, मग पुन्हा सतार. पंक्ति एक, पण ताटें निराळीं आणि वाढपीही निराळे. दोघेही यजमान म्हणून बसले, त्यामुळें ‘घ्या, संकोच करूं नका’ असें म्हणावयास कोणीच उरलें नाहीं. हॅरियट १९७३ सालीं दारिद्र्यांत वारला, ही गोष्ट मात्र ती तबकडी ऐकतांना मनांतून जात नाहीं.

आतां ‘शक्ति’. जॉन मॅकलाफ्लिन हा यॉर्कशायरचा गिटारवादक. जॅझमध्यें आणि विजेच्या गिटारवर त्याचें नांव दुमदुमत असतां त्यानें तें सारें बाजूस ठेविलें, अमेरिकेंत डॉ. एस. रामनाथन यांच्याजवळ वीणा शिकावयास बसला, आणि आपल्या गिटारांत फेरफार करून घेतले. पडद्यांच्या मधलें लांकूड कोरून खोलगट केलें, म्हणजे तार दाबून मींड काढतां यावी. आणि पोटावर आडव्या तरफा बसविल्या, म्हणजे आपल्या सतारीसारखी आंस मागें राहावी. ज्याच्या हाताला जगांत मान आहे त्यानें असें पुन्हा विद्यार्थी होणें हें आम्हां मास्तर लोकांस फार मोलाचें वाटतें. त्याच्याबरोबर व्हायोलिनवर एल. शंकर, घटमवर विनायकराम, मृदंगमवर राघवन आणि तबल्यावर माहीमचे झाकीर हुसेन. त्यांची पहिली तबकडी १९७५ च्या ५ जुलै रोजीं न्यूयॉर्कजवळील एका महाविद्यालयांत प्रत्यक्ष मैफलींतून घेतली गेली. तींत कॉर्ड जवळजवळ नाहींतच. षड्ज स्थिर आहे, राग आहे, ताल आहे. यजमान कोण याविषयीं येथें संशय उरत नाहीं, आणि म्हणूनच पाहुण्यालाही मोकळेपणा वाटतो. तो पाय पसरून बसला आहे. शिवाय आपल्या लोकांनींही कांहीं सोडलें आहे, तें सहसा कोणी ध्यानांत घेत नाहीं. उत्तरेचा तबला आणि दक्षिणेचा घटम हे एकाच घरचे सख्खे भाऊ असून वर्षानुवर्षें एका मांडीस मांडी लावून बसले नव्हते. त्यांना साहेबाच्या गिटारामुळें तो योग आला. आमची एकच कुरकुर: वेग फार. तिन्ही त्रिकाळ द्रुतच. तासभर ऐकल्यावर कोणीतरी विलंबित घ्या हो, असें म्हणावेंसें वाटतें. या वृंदाची पुढची पिढीही नांवाजली. ‘धिस मोमेंट’ या तबकडीला २०२४ च्या फेब्रुवारींत अमेरिकेंतील ग्रॅमी पारितोषिक मिळालें, आणि त्याच वर्षींच्या डिसेंबरांत झाकीरभाई गेले.

आतां पत्रकर्त्यांस उत्तर. आपण रविवारीं पुण्यास जावें आणि तालमीच्या जागीं एका खुर्चीवर स्वस्थ बसून ऐकावें. ‘हें काय चालविलें आहेस’ असा प्रश्न मुलीस विचारूं नये. एवढेंच विचारावें कीं, बाळ, तुमच्या वृंदांत षड्ज कोण सांभाळतो? ‘मी’ किंवा ‘तंबोरा’ असें उत्तर आलें तर बारा वर्षांची फी वसूल झाली असें समजून चहा घेऊन परत यावें. ‘तें गिटारवाला ठरवितो’ असें उत्तर आलें तर काळजीचें कारण आहे. पण ती काळजी गाणें बंद करून मिटणार नाहीं, त्या गिटारवाल्यास मालकंस समजावून सांगून मिटेल. तो सांगणार कोण? त्या पांच जणांत तो जिला येतो तीच. तिच्या बुवांस या प्रकाराविषयीं काय वाटतें हें आपल्या पत्रांत नाहीं. तेंही विचारून घ्यावें. गुरूचें मत बापाच्या मताहून निराळें असूं शकतें, आणि गाण्याच्या कामीं तें अधिक वजनाचें आहे. दोन महिन्यांचा अबोला मात्र, संगीताचें कांहींही होवो, आजच संपवावा; त्याला कोणत्याही शास्त्राचा आधार नाहीं.

आणि त्या पियानोवाल्या मुलाला आमचा निरोप सांगावा. मालकंस चालू असतांना सा-ग-प ही जुडी त्यानें हातावेगळी करावी. चार-आठ दिवस बोटें संवयीनें तिकडेच धांवतील, त्यास इलाज नाहीं. डाव्या हातानें नुसते सा आणि मध्यम धरून बसावें, आणि उजवा हात मुलगी थांबेल तेव्हांच उचलावा.